मुंबईला गेलेली बाहुली

पावसजवळच्या वाडीत, देवळाच्या पडवीत चिमा बालवाडी चालवायची. प्रशिक्षण शिबिरातल्या बाईंनी तिला शिकवलं होतं, पोराच्या मनातलं खेळात येतं. बघत बसा, मध्ये बोलू नका. बघणं चिमाला जमलं. न बोलणं तिला जन्मात जमलं नव्हतं.

दिवाळीनंतर वाडीवरच्या कातळसड्यावर गवत कापताना बालवाडीतल्या राहीच्या आईला, मैनाला, फुरसं चावलं आणि ती गेली. चार वर्षांच्या पोरीला कोण सांगणार? आजी सखू म्हणाली, "आय मुंबईला गेली हो." कोकणात दिसेनासं झालेलं माणूस मुंबईलाच असतं, त्यात खोटं वाटण्यासारखं काही नव्हतं. पण राहीचं तोंड मिटलं ते मिटलंच. पेजही उतरेना. मुंबईहून आलेल्या बापाचा, रघूचा, सदरा धरून बसायची, आणि तेरावं उरकून रघू दुसऱ्या दिवशी परत निघणार होता.

तेराव्याच्या दुपारी बालवाडीत चिमाने तिच्यापुढे चिंध्यांची बाहुली ठेवली. राहीने बाहुली दोन काटक्यांवर निजवली, केळीच्या सोपाच्या दोरीने बांधली, तोंडावर पान घातलं आणि उचलून चालू लागली.

न्यायला आलेली सखू दारातच थिजली. "हे असलं अभद्र खेळायला देतेस, चिमा? सुतकातनं आत्ता कुठं उठलोय आम्ही."

चिमाने नुसता हात वर केला. तोंड दाबून धरल्यासारखी गप्प.

राही म्हणाली, "ही मुंबईला चालली. बाबा उद्या अशेच जायचे."

सखूने बाहुलीच्या तोंडावरचं पान काढलं. चिमाने रघूला बोलावून घेतलं. "पोरीला तुझ्या तोंडून खरं कळू दे."

रघूने बाहुलीचा सोप सोडला. "आय मुंबईला नाय गेली, बाय. मेली ती. आता येणार नाय."

"आणि तू?"

"मी एस.टी.तून जाणार. बसून."

"निजून नको जाऊस."

"नाय निजत."

सकाळी राही थांब्यावर उभी होती. गाडी वळणाआड जाईपर्यंत रघू खिडकीशी ताठ बसून राहिला. डोळे पुसायलाही वाकला नाही. घरी येऊन राहीने अर्धी वाटी पेज खाल्ली. आई कुठे, हे तिने पुन्हा विचारलं नाही.

बालवाडीत मात्र ती एकही बाहुली निजवू देईना. चिमा रोज पडवी झाडायची, बाहुल्या एकेक करून भिंतीशी बसवायची आणि मगच दार ओढायची.