डिकीतली मोहाची फुलं

मुरबाडजवळ आमच्या शेठचं जुन्या गाड्यांचं म्युझियम आहे. नाव मोठं, तशी पत्र्याची शेडच. आत सहा गाड्या, प्रत्येकीभोवती दोरी. पुसायला मी आणि इंजिन बघायला सापगावचे एक म्हातारे काका. काका दर सोमवारी एसटीने यायचे, हँडल मारून एकेक गाडी चालू करायचे. गाडीत बसायची मुभा त्यांना एकट्यालाच.

मी सिद्धगडाखालच्या वाडीतली. उन्हाळ्यात मोहाची फुलं वेचून वाळवायची आणि पावसात पोरांच्या भाकरीत घालायची, ही आमची रीत. पण घरात फुलं राहतील तर शपथ! दीर उचलून दारूच्या भट्टीवर नेतो. म्हणून गेल्या साली मी गोणी आणून काळ्या गाडीच्या डिकीत दडवली. शेडमध्ये ओल शोषायचं मशीन चालू असतं, घरापेक्षा कोरडं. केवढी हुशार मी!

पावसात चार दिवस लाईट गेली, मशीन बंद. शेठ पाहुणे घेऊन येणार त्या सकाळी डिकी उघडली तर फुलं आंबलेली, वासानं डोकं फिरलं. गोणी ओढत नेऊन ओढ्यात ओतली, डिकी घासून पुसली. वास काय पुसून जातो?

गाड्या चालू करून दाखवायला काकांनाही बोलावलं होतं. शेठनी काळ्या गाडीचं दार उघडलं आणि नाकाला रुमाल लावला. "इथं बसून कोण पितं?" पाहुणे हसले.

काका बोलले, "शेठ, मी माळकरी माणूस."

"माळ घालून पिणारे लय बघितलेत," शेठ म्हणाले आणि त्यांच्याकडच्या गाड्या चालू करायच्या किल्ल्या तिथल्या तिथं काढून घेतल्या. काकांचं काम गेलं.

मी काय केलं? पुढचा दिवा पुसत राहिले. पुसलेलाच दिवा! एक शब्द बोलायचा होता. पण काम जाईल, पोरं काय खातील, एवढंच डोक्यात. थू माझ्या जिण्यावर.

भातकापणी उरकल्यावर सापगावला गेले. काकू दारातच भडकल्या, "जन्मात थेंब नाय लावला तोंडाला, आणि आता गाव दारुड्या म्हणतं यांना!"

मी खाली मान घालून बोलले, "काका, फुलं माझी होती."

"ठाव आहे गो. डिकीच्या कोपऱ्यात चार राहिलेली. शेठ यायच्या आधी मीच उचलून खिशात टाकली."

"मग बोललात का नाय?"

"दोघांची कामं घालवून काय मिळवायचं होतं?"

मला रडू फुटलं. शेठला सगळं सांगते म्हटलं, तर त्यांनी हातानंच नको केलं. मी अजून सांगितलेलंही नाय.

जरा वेळानं त्यांनी विचारलं, "बाकीची फुलं पोरांना पुरली का पावसात?"

"पुरली, काका," मी बोलले.

त्यांना बरं वाटलं, तोंडावर दिसलं. तेवढंच मला सोसत नाय.