डोमाजींचा नंबर

प्रियदर्शनी इंगळेला अमरावती-अकोल्याकडच्या तीसेक लहानसहान संस्था ‘कॉम्प्युटरवाली ताई’ म्हणून ओळखत. प्रिंटर अडला, ऑनलाइन अर्ज लटकला, की फोन तिलाच. बीसीए झालेली पोरगी एखाद्या ऑफिसात चिकटायची सोडून या फाटक्या संस्थांच्या मागे का लागली, हे तिच्या आईला अकरा वर्षांत उमगलं नव्हतं. तिला शिकवण्याचं वेड होतं, दुसरं काही नाही. पन्नाशीची बाई पहिल्यांदा भीतभीत माउस धरायची, तेव्हा हिलाच कोण आनंद! फक्त घाई फार. एका दिवसात दोन गावं उरकायची असायची.

शेंदूरजनाघाटला डोमाजी गुरुजींनी नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांसाठी संस्था काढली होती. चार वर्षांपूर्वी प्रियदर्शनीने तिथले सगळे कागद स्कॅन करून ऑनलाइन खात्यात ठेवून दिले. खात्याला मोबाइल नंबर हवा होता. समोर डोमाजी बसले होते, त्यांचाच टाकला. निघताना वाळवी लागलेल्या फायलींकडे बघून हसत म्हणाली, “आता हे नसलं तरी चालते.”

तिथली कार्यकर्ती साधना मोठी आज्ञाधारक. दिवाळीची साफसफाई निघाली तेव्हा तिने त्या फायली बंबात घातल्या. नरकचतुर्दशीच्या आंघोळीचं पाणी त्यांच्यावरच तापलं.

यंदा डोमाजी गेले. काही महिन्यांनी वीज पडून कॉम्प्युटर जळाला. नवा आला, तर खातं उघडेना. ओटीपी डोमाजींच्या नंबरवर जात होता, आणि रिचार्जविना बंद पडलेला तो नंबर कंपनीने कधीच दुसऱ्याला देऊन टाकला होता.

नेमकी पार्वताबाईची तारीख आली. तिचा नवरा कोर्टात म्हणत होता, लग्न झालंच नाही, बाई नुसती ठेवलेली होती. लग्नाचा एकच फोटो होता, तो तिने जपून ठेवायला संस्थेत दिलेला; फायलींबरोबर तोही जळाला, उरला तो त्या खात्यातच. अक्षता टाकणारे काही वारले, उरलेले नवऱ्याच्या भावकीतले. तिच्या वकिलांनी तीनदा मुदत मागितली होती; सोमवारची तारीख शेवटची.

शुक्रवारी साधनाचा फोन आला आणि शनिवारी पहिल्या बसने प्रियदर्शनी शेंदूरजनाघाटला पोचली. पार्वताबाई लुगड्याचा पदर तोंडाशी धरून भिंतीला टेकून बसली होती. प्रियदर्शनीने ओटीपी मागवला आणि त्या नंबरवर फोन लावला. अकोल्याकडची कोणी बाई बोलली.

“आला ना मेसेज. सहा आकडे हायेत. पन मी सांगनार नाई.”

प्रियदर्शनीने सगळी हकीकत सांगितली. वेळ टळली की नवा ओटीपी मागवायची, पुन्हा फोन लावायची, पुन्हा हातापाया पडायची. तिसऱ्या वेळी तिला रडूच फुटलं.

“बाई, तुमी खरंबी बोलत असान,” ती बाई म्हणाली. “पन आमच्या बचत गटाले ट्रेनिंग भेटलं हाय. आकडे मांगनारे रडून दाखवतात, असं त्या ताईनं सांगतलं होतं.”

“कोणती ताई?”

“अमरावतीची. प्रियदर्शनी इंगळे.”

“अहो, मीच ती! मीच बोलून राहिली!”

“तुमच्याच माणसाचं नाव घेऊन फसवतीन, हेबी तिनंच सांगतलं होतं.” फोन कटला. पुन्हा लावला तर लागेना. बाईने नंबर ब्लॉक केला होता. त्या बाईवर रागावण्याचीही सोय उरली नाही. इतकं नीट शिकलेलं माणूस प्रियदर्शनीला अकरा वर्षांत भेटलं नव्हतं.

अकोल्याला जाऊन त्या बाईला शोधावं, असं तिच्या मनात आलं. तोवर पडद्यावर सूचना आली: फार वेळा प्रयत्न झाला, खातं सात दिवस बंद. जीव गेला असता तर बरं, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

“नाई भेटत का?” पार्वताबाईने विचारलं.

“सोमवारपर्यंत नाही, मावशी. माझीच चूक झाली.”

पार्वताबाई चिडली नाही. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

“फोटोत माहा बाप मांगं उभा होता,” ती म्हणाली. “मंग ताई, सोमवारी मी कोन म्हनून उभी राहू?”

साधना खाली मान घालून रडत होती.