बशीने झाकलेला चहा

माझा मुलगा धम्मदीप ट्रक चालवतो. चहाचा त्याला इतका नाद, की केबिनमध्ये कपडे कमी आणि थर्मास दोन. म्हणून कारंज्याच्या सदाशिवरावांच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात त्याने चहाचा कप बशीने झाकून ठेवला, हे कळलं तेव्हा मला धस्स झालं.

आमच्याकडच्या ड्रायव्हरांमध्ये एक रीत आहे. भाड्यावरून वाद असेल, तर दलालाचा चहा पीत नाहीत, कप बशीने झाकून ठेवतात. प्यायला, म्हणजे तक्रार मिटली. हे लिहिलेलं कुठेच नाही, पण दलालही मानतात.

वाद हॉल्टिंगचा होता. माल उतरवायला उशीर झाला, तर गाडी अडकून पडल्याचे वेगळे पैसे ड्रायव्हरला मिळायचे असतात. धम्मदीप सदाशिवरावांमार्फत रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, गाठी घेऊन भिवंडीकडच्या एका गोदामावर गेला होता. गोदाम भरलेलं, गेटबाहेर ट्रकांची रांग. जवळजवळ आठवडाभर तो तिथेच होता. परत आल्यावर भाडं मिळालं, हॉल्टिंग मिळालं नाही. ठरलेलं सगळं तोंडीच होतं.

"कंपनीनं मलेच देल्लं नाई, तुले कुठून देऊ? घे, चहा पे," सदाशिवराव म्हणाले. धम्मदीपने बशी उचलून कपावर ठेवली आणि तो घरी आला.

मग ट्रक दारातच उभा राहिला. दुसरे दलाल म्हणत, आधी सदाशिवरावांशी मिटव. गाडीच्या हप्त्याची तारीख जवळ आली. एकदा मी म्हटलं, "पेऊन टाक नं बाबू तो चहा. तू तिथं बसूनच तर होता."

तो चिडला नाही. गाडीचा आरसा पुसत म्हणाला, "बसून नोतो, आई. रांग रात्री केव्हाई सरकते. डोळा लागला का मागचा पुढं घुसते. आंघोळीले गेलो तरी अर्धं ध्यान गाडीकडं."



रविवारी सदाशिवराव स्वतःच घरी आले. त्यांच्याकडे गाठींची एक खेप अडकली होती आणि गाड्या मिळत नव्हत्या. मी सवयीने चहा ठेवला, कप त्यांच्या हातात दिला. तोंडाजवळ नेता नेता ते थांबले. धम्मदीप गालात हसत होता.

"प्या नं, काका."

"तुह्या घरचा पेलो, तं तुहं म्हणणं मान्य केलं असं होईन."

"म्हणूनच आईनं बशी देल्ली नाई."

माझ्या ते ध्यानीमनीही नव्हतं. सदाशिवराव माझ्याकडे वळून म्हणाले, "पौर्णिमाताई, याले वकील करायले पाह्यजे होतं."

"वकिलाले उभं ठेवलं तरी त्याची फी चालू राह्यते, काका," धम्मदीप म्हणाला.

चहावर साय धरली. शेवटी सदाशिवराव बोलले. हॉल्टिंगचे अर्धे पैसे आत्ता देतील, उरलेले या खेपेवरून आल्यावर. आणि नव्या बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, हॉल्टिंगचा दर आधीच लिहून देतील. धम्मदीपने मान हलवली, तेव्हा कुठे त्यांनी तो गार चहा एका दमात संपवला.

मला वाटलं होतं, आता जीव भांड्यात पडेल. पण नवी खेपही त्याच गोदामाची निघाली. परवापासून तो पुन्हा त्याच रांगेत आहे. पावतीवर दर आहे, पण डोळा लागू द्यायचा नाही हे तसंच.

मघाशी फोन केला. जेवलास का विचारलं.

"जेवलो. ह्या खेपेचं पक्कं आहे, आई. तू झोप आता."

मी पुढे काही बोलणार, तोच त्याच्या मागून हॉर्न ऐकू आले.

"ठेवतो. रांग सरकली."