ठिणगीआधीची हाक

वाडीत गेटचं बिजागर जोडून घ्यायला गेलो होतो. वेल्डिंगवाला साठीच्या पुढचा, डोळे कायम ओलसर. ठिणगी पाडण्याआधी तो दर वेळी ओरडायचा, "पाहू नका गा!" रस्त्यावरचे ट्रकवालेसुद्धा मान वळवायचे. मग काळी काच तोंडाशी धरून तो एकटाच पाहायचा.

मधे चहा आला तेव्हा मी त्याला मोबाईलवर सूर्याचा फोटो दाखवला. आपल्या देशानं सूर्याकडे रोखून अवकाशात ठेवलेल्या दुर्बिणीनं काढलेला; कडेनं उसळणारे वायूचे लोट स्पष्ट दिसत होते. त्याला फोटोपेक्षा दुर्बिणीचीच काळजी.

"काच लावली ना तिले?"

"लावलीय. फार थोडा उजेड आत जातो."

"अन् सुट्टी?"

"नाही. तिथं रात्रच होत नाही. सारखी पाहतच असते."

त्यानं बाहीनं डोळे टिपले.

"दिवसभर जाळ पाहून डोळे चुरचुरते, भाऊ. रात्री बायको त्याच्यावर बटाट्याच्या चकत्या ठेवते. तिले तिथं कोण हाये?"

चहा संपवून तो उठला. माझ्या हातातला मोबाईल घेऊन त्यानं दुर्बिणीचे डोळे झाकावेत तसा बाकावर हळूच पालथा ठेवला, आणि मगच ओरडला, "पाहू नका गा!"