बंधुप्रेमाचे तुकडे

कोल्हापुरात तेव्हा माझं गाड्यांवरची रेडियमची अक्षरं कापून द्यायचं दुकान होतं. गडमुडशिंगीचे दोघे भाऊ नवा टेम्पो घेऊन आले. पूजेचा मुहूर्त अर्ध्या तासावर. काचेवर ‘बंधुप्रेम’ पाहिजे होतं. लाल रेडियमचा शेवटचा तुकडा मशीनला लावला. कटिंग झालं, बघतो तर काय! मॉनिटरवर सलग दिसणारी शिरोरेघ मशीननं प्रत्येक अक्षरापाशी कापली होती. अक्षरं एकमेकांवर नुसती टेकवून भागत नाही, कॉम्प्युटरवरच वेल्ड करून त्यांचा एकच आकार करावा लागतो. दिवसातून दहा वेळा हे करणारा मी गाढव नेमका आज विसरलो! काचेवर तुकडे जुळवत बसलो. एक फट मिटेना. थोरला वाकून बघत म्हणाला, “पावणं, आमची वाटणी अजून झाली न्हाय की!”