सहा गाण्यांची उगवण चाचणी

माझा मोठा भाऊ पुण्यातल्या एका रॉक बँडमध्ये वीस वर्षं गिटार वाजवत होता. कॉलेजच्या गॅदरिंगला त्यांचा कार्यक्रम असला की पोरं खुर्च्यांवर चढायची. बँड मोडला तसा तो भोकरदनला घरी आला आणि गिटारच्या शिकवण्या घेऊ लागला. तेव्हापासून दर चार-पाच वर्षांनी तो एकट्याचा अल्बम काढतो. पहिल्यात नुसती गिटार होती. पुढच्या दोन अल्बममध्ये गाणी त्याची, पण गळा दुसऱ्याचा.

पहिला अल्बम त्यानं मला पाठवला तेव्हा हंगाम तोंडावर होता. मी जालन्यात एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. पेरणीआधीचे दोन महिने मला जेवायला सवड नसते. आठवड्यानं त्याचा फोन आला.

"सातवं कसं वाटलं?"

"छान आहे," मी म्हणाले. "सगळ्यात छान."

"सहाच आहेत."

तो रागावला नाही. फक्त पुढचे दोन अल्बम त्यानं मला पाठवले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी तो आणि वहिनी एसटीनं जालन्याला आले. चहा व्हायच्या आत त्यानं फोन माझ्यासमोर ठेवला. चौथा अल्बम तयार होता आणि तो स्वतः गायला होता. अठ्ठावन्नाव्या वर्षी, पहिल्यांदा.

"बँडमध्ये कुणी गाऊ दिलं न्हाई मला," तो म्हणाला. "पुढं उभा राहणार तो गायक. आपण बाजूला."

"मंग आता गायलास ना?"

"गायलो. पण पुण्याचा एक गायक तयार आहे. त्याला पुढच्या रविवारपर्यंत हो का न्हाई ते सांगायचंय. माझा आवाज ठेवायचा का त्याचा घ्यायचा, ते तू सांग."

"दादा, मला गाण्यातलं काय कळतं?"

"म्हणून तर आलो. कळणारे सगळे माझे दोस्त आहेत. तू मालकाच्या तोंडावर बियाण्याचा लॉट नापास करते."

"मला विचारून झालं," वहिनी म्हणाल्या. "मी छान म्हणाले तर म्हणतात, तुला तर साबणाच्या जाहिरातीतलं गाणंही छान वाटतं."

मी मला येतं ते केलं. बियाण्याची उगवण बघायची तर शंभर-शंभर दाण्यांचे चार संच लावतात, ओल्या वाळूत किंवा कागदाच्या गुंडाळीत. एका संचावर कधी निकाल देत नाहीत. चारही आकडे जवळपास असले तरच सरासरी धरायची. फार फरक आला तर बियाणं पासही नाही आणि नापासही नाही. चाचणी पुन्हा लावायची आणि आपला हात कुठे चुकला ते शोधायचं.

सोमवार ते गुरुवार मी रोज एकदा सगळा अल्बम ऐकला आणि प्रत्येक गाण्याला दहापैकी गुण दिले. याही वेळी सहाच गाणी होती, ती मी आधी मोजली. पाच गाण्यांना चारही दिवस सहाच्या आसपास मिळाले. आवाज खरखरीत आहे, पण शब्द कळतात आणि तो सुरात आहे. सहाव्या गाण्याचे आकडे मात्र जुळेनात. तीन, आठ, तीन, आठ.

शुक्रवारी विचार केला. मंगळवारी गाणं सुरू झालं तेव्हा मी मिक्सरमध्ये शेंगदाण्याची चटणी वाटत होते. गुरुवारी ऑटोत होते, आणि गाण्याच्या सुरुवातीलाच लॅबचा फोन आला होता. म्हणजे आठ गुण दिले त्या दोन्ही दिवशी मी निम्मंच गाणं ऐकलं होतं, शेवटचं. पुन्हा नीट लावून बघितलं आणि दादाला फोन केला.

"पाच पास. सहावं पुन्हा."

"पुन्हा म्हंजे काय? सरळ नापास म्हण की."

"नापास न्हाई. पहिली दोन कडवी तू त्या तुमच्या बँडच्या गायकासारखी ओरडलाय. मंग दमलाय. दमल्यावर बराबर गायलाय."

 

"ते गाणं बँडसाठीच लिहिल्तं," तो म्हणाला. "त्यानं गायलं न्हाई."

"मंग त्याला सोड ना आता. पुन्हा गा."

"दमून गाऊ म्हणते?"

"दमून गा, न्हाईतर बसून गा. मला काय माहीत."

त्यानं माझा शब्द जरा जास्तच धरला. रविवारी सकाळी त्यानं लागोपाठ चार शिकवण्या घेतल्या, मग वहिनींची यादी घेऊन बाजार केला, आणि दुपारी वरच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून ते गाणं गायलं. आवाज घुमू नये म्हणून त्या खोलीच्या भिंतींना घरातल्या सगळ्या गोधड्या टांगलेल्या होत्या. चार वाजता गाणं माझ्या फोनवर आलं.

चार दिवस हातात नव्हते. एका बैठकीत चारदा ऐकलं, दार लावून, मिक्सरला हात न लावता. सात, सात, आठ, सात. तो ओरडला नव्हता. कुणाला तरी समोर बसवून सांगावं तसं गायला होता.

"सात," मी फोनवर सांगितलं.

"सातच?"

"बाकीच्यांना सहा आहेत."

"म्हंजे पास?"

"पास. सगळी पास."

"मंग त्या पुण्याच्या गायकाला न्हाई म्हणून सांगतो," तो म्हणाला, आणि लगेच सांगायला फोन ठेवूही लागला.

मागून वहिनींचा आवाज आला. "झालं ना आता? त्या गोधड्या खाली आणा, रात्री पांघरायला काही न्हाई घरात."

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये असताना फोन दोनदा वाजला. त्यानं मधले दोन्ही अल्बम पाठवले होते, सोबत एक अक्षर नाही. जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडला आणि आधी गाणी मोजली. एकात आठ, दुसऱ्यात सात.