सोंट्याचे पाच वळ

आधीच सांगून ठेवतो, मी असल्या भानगडींतला माणूस नाही. बालाघाटच्या एका कॉलेजात इतिहास शिकवतो. कोणी अंगात येण्याच्या गोष्टी काढल्या की मी टिंगल करून मोकळा होतो... पण हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

आमचं घर लामत्याला. चैत्रात नऊ दिवस टोपल्यांत गहू उगवतात — ते जवारे — आणि नवमीला वाजतगाजत तळ्यावर नेतात. पुढे चालणारे काही जण उघड्या पाठीवर सोंट्यानं स्वतःला मारून घेतात. सोंटा म्हणजे गवत पिळून केलेला चाबूक. लहानपणी टायफॉइडनं माझी जातो की राहतो अशी गत झाली, तेव्हा बाबा नवस बोलले होते — पोरगा वाचला तर दरसाल पाच सोंटे. इतकी वर्षं त्यांनी मारून घेतले.

यंदा त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. नवमीच्या सकाळी मला म्हणाले, "माह्यानं... होत नाही, बेटा. या साली तू मारजो. पाच."

मी हौ म्हटलं, पण मनात हसूच येत होतं. त्याच आठवड्यात वर्गात मध्ययुगातला युरोप शिकवला होता. प्लेग म्हणजे देवाचा कोप, असं समजून ख्रिस्ती लोकांचे जत्थे गावोगाव फिरायचे, चौकात उघडे होऊन रक्त निघेस्तोवर स्वतःला फटके मारायचे. पोरं खिदळली, मीही खिदळलो. आता तेच मी करू?

मग लबाडी केली. सोंटा खांद्यावरून असा फिरवायचा की टोक मागे जमिनीवर आपटतं — आवाज मोठा, पाठीला नुसता स्पर्श. साडेअकराच्या उन्हात, ढोलांच्या गोंगाटात पाच वेळा फिरवला. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

घरी आलो तर आई बाबांना कुशीवर वळवून पाठीला हळद-तेल लावत होती. पाठीवर पाच वळ. ताजे, लाल. एकातून रक्त पाझरत होतं.

"हे कायचं?"

"मले काय माहीत रे," आई रडतच बोलली. "मी इथंच बसली होती. झोपले होते ते, अन् एकदम कण्हाले लागले. पाच डाव."

डॉक्टर नंतर म्हणाले, पडून पडून कातडी नाजूक होते, चादरीच्या चुण्या रुतल्या असतील. मी मान हलवली. मला भीती वाटत होती, आणि स्वतःची लाजही.

बाबांनी मला जवळ बसवलं. डावा हात माझ्या शर्टाच्या आत घातला आणि पाठभर चाचपत राहिले. वळ सापडणार कुठून... मला वाटलं, आता शिव्या घालतील.

"लागलं नाही तुले," ते म्हणाले. "चांगलं झालं."

आखाडात बाबा गेले. ते वळ कुठून आले, मला आजही सांगता येत नाही. मी खोटं केलं हेही त्यांना सांगायचं राहून गेलं. पण त्यांनी पाठीवरून हात फिरवला होता... त्यांना कळलंच असणार.